धने, मीठ आणि लिंबाची साल घातलेली लागर

या लागर बिअरच्या बाटलीवरच्या घटकांच्या यादीत पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (कडवटपणा आणि सुगंध देणारी एका वेलीची फुले) आणि यीस्ट यांच्या जोडीला धने, समुद्री मीठ आणि लिंबाची साल होती. बिअरला हे जिन्नस परके नाहीत. जर्मनीतल्या लाइपझिगच्या आंबट गोझं बिअरमध्ये धने आणि मीठ दोन्ही पडतात, तर बेल्जियमच्या गव्हाच्या बिअरमध्ये धन्यांसोबत संत्र्याची साल असते. मात्र त्या बिअर तुलनेने उबदार तापमानाला आंबतात आणि बेल्जियमच्या बिअरमध्ये तर यीस्टच फळांचे व मसाल्यांचे गंध निर्माण करते, त्यामुळे वरून घातलेला जिन्नस त्यांच्यात सहज सामावतो. लागरचे तसे नाही. तिचे यीस्ट साधारण 8 ते 13 अंश सेल्सिअसला सावकाश काम करते, नंतर ती बिअर गोठणबिंदूच्या आसपास कित्येक आठवडे मुरते, आणि चव इतकी नितळ होते की एखादा जिन्नस चिमूटभर जास्त झाला तरी लगेच उघडा पडतो. जर्मनीतल्या ज्या बव्हेरियात लागर वाढली, तिथे 1516 च्या फर्मानाने बिअरसाठी जव, हॉप्स आणि पाणी एवढेच मान्य केले होते. अशा प्रकारात तीन नवे जिन्नस घालण्याचे धाडस मला मनापासून आवडले.

रंग फिकट सोनेरी, फेस पांढराशुभ्र आणि बारीक बुडबुड्यांचा. अगदी थंडगार असताना घेतलेल्या पहिल्या घोटात लिंबाखेरीज फारसे काही जाणवले नाही, कारण थंडीत गंध दबून राहतात. ग्लास काही वेळ तळहातात धरल्यावर धने उमलले, तेही भाजलेल्या मसाल्यासारखे नव्हे, तर फुलासारखे. धन्यांच्या तेलातला लिनालूल हा मुख्य सुगंधी घटक हॉप्समध्येही असतो, आणि त्यामुळेच की काय, नाकाशी येणारा हा दरवळ नेमका कशाचा हे वेगळे काढता येईना. मसाला बिअरमध्ये इतका एकजीव झालेला क्वचितच आढळतो. मिठाचे काम तर याहून नाजूक होते. ते खारट लागत नव्हते, पण माल्टचा गोडवा त्याने भरीव केला होता आणि हॉप्सचा कडवटपणा सौम्य केला होता. त्याच ब्रुअरीची साधी लागर शेजारी ठेवून आलटून पालटून चाखली, तेव्हा हा फरक स्पष्ट कळला.

लिंबाच्या सालीबद्दल मात्र माझे मत तितकेसे अनुकूल नाही. घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागच्या बाजूला एक कोरडा कडूपणा रेंगाळतो, जो हॉप्सचा नाही. सालीच्या आतल्या पांढऱ्या थराचा तो गुण असावा. शिवाय साल माल्टच्या उकळत्या रसात बराच वेळ राहिली, तर तिची सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात आणि कडूपणा तेवढा मागे उरतो. केवळ पिवळा पापुद्रा खरवडून तो आंबणे संपल्यावर, मुरण्याच्या टप्प्यात घातला, तर लिंबाचा ताजेपणा अधिक टिकेल असे मला वाटते. धने आणि मीठ यांच्या प्रमाणाला मात्र मुळीच हात लावू नये.