तारखांच्या मधले दिवस

पंचनाम्याच्या रात्री माझा मोबाइल खाकी पाकिटात घातला, लाखेचं सील मारलं आणि माझी सही घेतली. दुसऱ्या पाकिटात १.४ ग्रॅम एमडी, म्हणजे मेफेड्रोन, नशेची पांढरी पावडर. त्या वेळी माझ्या डोक्यात जेल नव्हतं, आई नव्हती, नोकरी नव्हती. ती विकणाऱ्याचा, ‘दूधवाला’ या नावाने सेव्ह केलेला नंबर त्या मोबाइलमध्ये होता आणि तो मला पाठ नव्हता, तेवढं एकच डोक्यात होतं. हे लिहिताना आजही पोटात कालवतं, पण सुरुवात तिथूनच आहे.

ही नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. मी भोसरीत सीएनसी मशीन चालवायचो. ओव्हरटाइमसाठी सलग दोन शिफ्ट मारायच्या तर झोप येऊन चालत नाही, म्हणून एकाने पहिल्यांदा दिली. दोन वर्षांत पगार तिच्यातच जायला लागला. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर, ओढणाऱ्यांना ती मिळाली नाही की टर्की येते, अंग मोडून येतं, जुलाब होतात. एमडीचं तसं दिसत नाही. दोन दिवस मेल्यासारखी झोप, मग काळीकुट्ट उदासी आणि प्रत्येकाचा संशय. त्यामुळे घरच्यांना वाटायचं, हा नुसता थकलाय.

गुन्हा लागला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचा, कलम ८(क) आणि २२(अ). एमडीचं २ ग्रॅमपर्यंतचं प्रमाण कायद्यात ‘अल्प’ धरतात. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, तिथे किमान दहा वर्षं. वकील म्हणाले, “ग्रॅममध्ये वाचलास.” मामा गावाहून सातबारा घेऊन आला, जामीनदार म्हणून उभा राहिला आणि मी सुटलो.

आणि सुटल्यावर पुन्हा घेतली. लोकांना वाटतं, पोलिसांचा हात पडला की माणूस सुधारतो. माझं मन रोज एकच सांगायचं: आत जायचंच आहे, मग आता घेतली काय आणि नाही घेतली काय. जानेवारीतली तारीख मी चुकवली. कोर्टाने अजामीनपात्र वॉरंट काढलं आणि कॉन्स्टेबल दारात उभा राहिला, तेव्हा आई पीठ मळत होती. हात तसेच पिठाचे. तिने त्याला फक्त एवढंच विचारलं, “साहेब, याला नेलंत तर हा तिथे तरी सुटेल का हो यातून?”

त्याच दुपारी तिने मुक्तांगणला फोन केला. व्यसनमुक्तीचं म्हणून तिला हे एकच नाव माहीत होतं. गर्दने पुण्या-मुंबईची पोरं खाल्ली त्या काळात, १९८६ साली, अवचट पती-पत्नींनी ते सुरू केलं, तेव्हापासून तिच्या कानावर होतं. आधी वकिलांनी अर्ज देऊन वॉरंट रद्द करून घेतलं, न्यायाधीशांनी कडक समज दिली आणि मग मी दाखल झालो. येरवड्याला. जेलही येरवड्यालाच. मला सोडून परत जाताना त्या भिंतीकडे बघवलं नाही, म्हणून आईने बसमध्ये डोळे मिटून घेतले होते, हे तिने खूप नंतर सांगितलं.

तिथे पस्तीस दिवस. सगळं लिहीत नाही, ते माझ्या एकट्याचं नाही. समुपदेशक ताईंनी विचारलं, “केस झाली म्हणून आलास, की सोडायचंय म्हणून?” मी म्हटलं, केस झाली म्हणून. त्या म्हणाल्या, “चालेल. आलास ना.” या ‘चालेल’ने मला जेवढा आधार दिला तेवढा उपदेशाने कधीच दिला नव्हता.

आता कायद्याचं, कारण हे कुणी आपण होऊन सांगत नाही. याच एनडीपीएस कायद्यात कलम ६४अ आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. उपचार अर्धवट टाकले तर ते काढूनही घेता येतं. वकिलांचा आधीचा बेत वेगळा होता. झडतीच्या वेळी कलम ५० ची समज, म्हणजे राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती मागायचा हक्क आहे हे, नीट दिली होती का, पंच कोण होते, यावर लढायचं. कदाचित सुटलोही असतो. पण मग प्रत्येक तारखेला मला ‘ती माझी नव्हती’ हे म्हणत राहावं लागलं असतं, आणि दर आठवड्याला व्यसन सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये मात्र ‘मी व्यसनी आहे’ म्हणायचं. दोन्हीकडे दोन तोंडं ठेवून मी टिकलो नसतो, एवढं मला तोवर कळलं होतं.

मामा भडकला. “कोर्टाच्या कागदावर व्यसनी म्हणून नाव लागलं तर पोरीचं लग्न कसं जमवायचं?” त्यावर बहीणच म्हणाली, “मामा, गल्लीत कुणाला माहीत नाहीये? निदान कागदावर तरी खरं असू दे.” अर्ज तिच्याच हस्ताक्षरातल्या कच्च्या मसुद्यावरून झाला.

अर्ज केला म्हणजे सुटलो, असं नसतं. सरकारी वकिलांचं म्हणणं यायचं, केंद्राचा अहवाल यायचा, रासायनिक पृथक्करणाचा अहवाल यायचा. कधी न्यायाधीश रजेवर, कधी फाइलच सापडेना. या मधल्या दिवसांनीच मला सगळ्यात जास्त छळलं. तारखेच्या आधी चार दिवस झोप उडायची, आणि झोप उडाली की शरीराला जुनी जाग आठवायची. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात उभं राहिलं की ओळखीचे चेहरे दिसायचे, कारण त्यांचीही तारीख असायची. “काय रे, दिसत नाहीस?” एवढं कुणी म्हटलं तरी तळहाताला घाम सुटायचा.

नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमसमधला माझा स्पॉन्सर, म्हणजे माझ्या आधी व्यसन सोडलेला आणि मला सांभाळून घेणारा, स्वतः दोन केसेसमधून गेलेला. आम्ही त्याला दादाच म्हणतो. त्याने तारखेचा दिवस पूर्ण बांधून दिला. आदल्या संध्याकाळी मीटिंग. सकाळी पोटभर खाऊन निघायचं, उपाशी पोटी नाही. खिशात फक्त बसचे पैसे. पुकारा होईपर्यंत कोर्टरूमच्या आतल्या बाकावरच बसायचं, बाहेर चहाच्या टपरीवर नाही. पुढची तारीख मिळाली की आधी त्याला सांगायची, मग वहीत लिहायची. बहुतेक वेळा तो स्वतःच यायचा, पालिकेतली ड्यूटी बदलून घेऊन. मी मात्र इतक्या सुट्ट्या झाल्यावर नोकरी गमावली. सुपरवायझरला खरं कारण सांगितलं होतं, तरी गेली. त्या आठवड्यात मी रोज दोनदा दादाला फोन केला आणि आईच्या पोळ्या लाटल्या. दुसरं काही सुचतच नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभच्या कारखान्यावर छापा पडला, शेकडो किलो एमडी सापडली. दोन दिवस टीव्हीवर तेच. पांढऱ्या पावडरच्या पिशव्या सारख्या दाखवत होते. मला सोडून वर्ष होऊन गेलं होतं, मुक्तांगणात व्यसनमुक्तीचा पहिला ‘वाढदिवस’ही झाला होता, तरी घसा कोरडा पडला. बहिणीने काही न बोलता टीव्हीची वायर काढून ठेवली.

त्याच वर्षी पावसाळ्यात कोर्टाने माझा अर्ज मान्य केला. आदेश वाचायला पाच मिनिटंही लागली नाहीत. आई तिथेच बाकावर बसून रडली. मला काहीच वाटलं नाही, नुसतं पोकळ वाटलं, आणि त्या पोकळीची मला भीती वाटली. अठरा महिने ‘केस आहे, घ्यायची नाही’ असं स्वतःला बजावत होतो. आता केस नव्हती.

अपिलाची मुदत संपल्यावर मुद्देमालातला मोबाइल परत घ्यायला गेलो. क्लार्कने पाकीट समोर फोडलं. लाखेचे तुकडे टेबलावर पडले. सही करून मोबाइल हातात आला. बंद, काच तडकलेली. घरी चार्जर होता. दूधवालाही त्यातच होता.

कामगार पुतळ्याच्या स्टॉपवर येऊन मी दादाला फोन लावला आणि “मोबाइल मिळाला” एवढंच म्हणालो. तो म्हणाला, “तिथेच थांब. चालू करू नकोस.” पाऊण तास पावसात छत्री धरून थांबलो. तो आला, माझ्याकडून मोबाइल घेतला, खिशातल्या पिनेने सिमचा ट्रे काढला आणि सिम माझ्या हातावर ठेवलं. म्हणाला, “तू मोड.” ओल्या बोटांनी दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा मोडलं. मोबाइल मात्र त्यानेच ठेवून घेतला. मग भोसरीची बस आली आणि आम्ही दोघं मागच्या सीटवर जाऊन बसलो.