वऱ्हाड शोधला तर सापडत का नाही?

बाजार समितीच्या भावांचं पान असो की शेतकऱ्यांची यादी, आपल्याकडच्या मजकुरात सगळ्यात जास्त छळतात ते 'ऱ्य' आणि 'ऱ्ह'. नोंद डोळ्यांसमोर असते, सर्च मात्र काहीच दाखवत नाही.

कारण 'वऱ्हाड' दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकीत ऱ (युनिकोड या जागतिक लिपी-मानकातला त्याचा क्रमांक ०९३१) आणि हलन्त (०९४डी). दुसरीत साधा र (०९३०), हलन्त आणि न दिसणारा जोडक, म्हणजे झेडडब्ल्यूजे (२००डी). पडद्यावर दोन्ही सारखेच. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लांबी मोजा, पहिला ६ भरतो, दुसरा ७. एनएफसी नॉर्मलायझेशननं (एकच अक्षर वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलं असेल तर ते एकसारखं करणारी युनिकोडची पद्धत) ही गाठ सुटत नाही, कारण युनिकोड या दोघांना समान मानतच नाही. तेव्हा एनएफसीनंतर ०९३०-०९४डी-२००डी दिसलं की तिथं ०९३१-०९४डी घाला. डेटा साठवताना करा आणि वाचकानं सर्चमध्ये टाकलेल्या शब्दावरही करा. एकाच बाजूला केलं तर उपयोग नाही. बाकीचे झेडडब्ल्यूजे सरसकट उडवू नका, जोडलेले इमोजी तुटतात.

मजकुराच्या टोकांची मोकळी जागा काढणाऱ्या स्ट्रिपवर फार विसंबू नका. कॉपी-पेस्टमधून आलेली शून्य रुंदीची जागा (२००बी) त्यानं जात नाही. गट नंबर '१२' असा मराठीत आला तर मजकुराचा आकडा करणारं पायथॉनचं इंट तो नीट वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'नॅन' (म्हणजे 'हा आकडा नाही') देतं. एसएमएस मराठीत असेल तर १६० नाही, ७० अक्षरंच. मात्रा आणि हलन्तही त्यात मोजले जातात.

आता लिंक. यूटीएममध्ये, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणाऱ्या लिंकच्या शेपटीत, मराठी नकोच. देवनागरीच्या एकेका चिन्हाला यूआरएलमध्ये ९ अक्षरं लागतात, म्हणजे नुसता वऱ्हाड ५४, आणि वरचे दोन वऱ्हाड रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या ओळी होतात. इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं ठेवा.

लिंकवरून आलेली भेट नीट मोजली जाते का ते तपासायला क्रोममध्ये एफ१२, नेटवर्क टॅब, 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक, फिल्टरमध्ये 'कलेक्ट'. मग ग्रुपवर टाकायची तीच लिंक उघडा. भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सच्या रिक्वेस्टमध्ये 'टीआयडी' (मोजणीचा आयडी) आपलाच आहे का, 'डीएल'मध्ये (पानाचा पत्ता) यूटीएम पूर्ण आहे का, ते बघा. यूटीएम गायब असेल तर वाटेतला रीडायरेक्ट (दुसऱ्या पत्त्यावर वळवणं) तपासा. पान एकदाच उघडून पेज व्ह्यू दोनदा गेला, तर ट्रॅकिंगचा कोड बहुतेक थीममध्येही (साइटचा साचा) आहे आणि टॅग मॅनेजरमध्येही (असे कोड एकत्र ठेवायचं साधन).

हे सगळं नेटवर्क मुद्दाम स्लो करून पुन्हा बघाच. खेड्यात रेंज कमी असली की कापसाचा भाव आधी दिसतो, ट्रॅकिंगचा कोड मागून येतो. तेवढ्यात पान बंद झालं तर ती भेट मोजलीच जात नाही. सर्व्हरच्या ॲक्सेस लॉगमध्ये (सर्व्हरकडे आलेल्या मागण्यांची नोंद) ती असते. बॉट (आपोआप पानं उघडणारे प्रोग्राम) वगळून तो आकडा शेजारी ठेवा.