किल्ली

बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

चार वाजले आणि दिवस आटोपला. गुलाबी पायांच्या रानहंसांचे थवे बीटाच्या शेतांवरून समुद्राकडे ओरडत गेले. आइसलँडहून येतात, हिवाळाभर मुक्काम ठोकतात. पूर्व इंग्लंडातल्या नॉरफॉकच्या या गावात एवढा गलका करणारं दुसरं कुणी नाही.

गावात एक गोल मनोऱ्याचं चर्च. या भागात बांधकामाचा धड दगडच मिळत नाही, म्हणून चर्चपासून गोठ्यापर्यंत सगळ्या भिंती गारगोट्यांच्या. एक हॉल, एक पब, आणि लाल टेलिफोनची खोकी. तिच्यात आता फोन नाही, बंद पडलेल्या हृदयाला झटका देणारं यंत्र आहे. आल्याआल्या मी त्या खोकीसमोर उभं राहून फोटो काढला होता. यंत्र नंतर दिसलं.

मी सर्जरीच्या औषधखिडकीवर बसते. सर्जरी म्हणजे डॉक्टरचा साधा दवाखाना. आईला हे पटवायला महिना गेला, तोवर तिने अख्ख्या वाडीला सांगून टाकलं होतं की आमची मुलगी ऑपरेशनं करते. खेड्यात राहणाऱ्याच्या घरापासून औषधाचं दुकान १.६ किलोमीटरहून लांब असेल, तर त्याला दवाखान्यातूनच औषध देता येतं. साठीपुढच्यांना चिठ्ठीवरची औषधं फुकट. त्याखालच्या ज्यांना सूट नाही त्यांना प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स, पण त्याखालचे येतात कुठे? गेल्या आठवड्यात गल्ला उघडायची वेळ आली ती माझ्याच खोकल्याच्या औषधासाठी.

२०२१च्या जनगणनेत नॉर्थ नॉरफॉकमध्ये दर तिघांत एक माणूस पासष्टीचा किंवा त्यापुढचा निघाला. इंग्लंड-वेल्समध्ये एवढा म्हातारा दुसरा जिल्हा नाही. खिडकीवर बसलं की हे आकडे वाचावे लागत नाहीत. कुणाचा गुडघा, कुणाचं साखरेचं प्रमाण, कुणाच्या नवऱ्याला आता बायको ओळखू येत नाही, सगळं पिशवीच्या वजनावरून कळतं. कळलेलं खिडकीच्या आतच ठेवायचं, ही नोकरीची अट. म्हणून आजचंही कुणाचं ते लिहीत नाही.

दुपारी एक बाई औषधं परत द्यायला आल्या. माणूस गेला की उरलेली औषधं आम्ही घेतो. ती पुन्हा कुणाला देता येत नाहीत, नष्ट करायला पाठवतो. पिशवीत आठवड्याच्या कप्प्यांचं एक पाकीट होतं, मीच भरलेलं. सोमवार रिकामा. मंगळवार रिकामा. बुधवार सकाळ रिकामी, दुपार रिकामी. बुधवार रात्रीच्या कप्प्यात दोन पांढऱ्या गोळ्या आणि एक गुलाबी. बाई म्हणाल्या, फार व्यवस्थित होते हो, एकही चुकवली नाही. मी पाकीट निळ्या डब्यात टाकलं आणि मागे जाऊन उगाचच किटली लावली.

सुरुवातीला मला हे गाव आमच्या गावासारखंच वाटलं होतं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतही म्हातारीच माणसं उरली आहेत. फोनवर आईला तसं सांगितलं, तर तिने पहिला प्रश्न विचारला, "मग त्यांची मुलं गणपतीला येतात काय गो?"

तिथेच गणित चुकलं. आमच्याकडची मुलं मुंबईला गेली आणि म्हातारे मागे राहिले. इथे बरेच म्हातारे स्वतःच आलेत. तीस-चाळीस वर्षं लंडनला नाहीतर मध्य इंग्लंडातल्या मिडलँड्समध्ये नोकरी केली, तिथलं घर विकलं, समुद्राजवळ छोटं घर घेतलं. त्यांना कुणी मागे सोडलेलं नाही, त्यांनी ही जागा निवडली आहे. याच गावात जन्मलेल्या पोरांना मात्र इथे घर परवडत नाही. ती दूरच्या शहरातून गाडी हाकत येऊन इथली हॉटेलं आणि सुट्टीची घरं झाडतात.

ती सुट्टीची घरं आमच्या गल्लीतही आहेत. दाराशेजारी भिंतीवर आकड्यांची छोटी पेटी, तिच्यात किल्ली. ऑगस्टमध्ये सगळ्या खिडक्यांत दिवे, पोरंटोरं, ओले टॉवेल. नोव्हेंबरात काळोख. एप्रिल २०२५पासून अशा दुसऱ्या घरांवर दुप्पट कर लावायची मुभा स्थानिक कौन्सिलांना मिळाली आहे. त्याने काळोख किती कमी झाला ते मला आमच्या गल्लीत तरी दिसलेलं नाही. आईला विचारलं, तर ती कराबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "वर्षभर बंद? मग वाळवी बघतं कोण?"

तिचा प्रश्न बरोबर होता. आमच्या वाडीत ती बघते. देवघराच्या भिंतीला खुंटी आहे, तिच्यावर पाच बंद घरांच्या किल्ल्या. चतुर्थीआधी पंधरा दिवस ती एकेक घर उघडते, कोळिष्टकं काढते, पाणी भरून ठेवते. चाकरमानी आले की किल्ली नेतात, जाताना परत खुंटीला. कुठली कुणाची हे कुठेही लिहिलेलं नाही. तिला हाताला कळतं.

संध्याकाळी समोरच्या आजी आल्या. आजी हे माझ्या मनातलं. इथे शहाऐंशी वर्षांच्या बाईलाही नावाने हाक मारायची असते आणि तीन वर्षं झाली तरी माझी जीभ वळत नाही. म्हणून मी त्यांना हाकच मारत नाही. हात हलवते, हसते, "हॅलो" जरा लांबवते. त्यांना वाटतं मी लाजाळू आहे.

त्या बसमध्ये कधीही सकाळी साडेनऊच्या आधी दिसत नाहीत, कारण ज्येष्ठांचा फुकटचा बसपास सोमवार ते शुक्रवार साडेनऊनंतरच चालतो. त्याआधी थांब्यावर जाऊन "टू अर्ली?" विचारणाऱ्यांना ड्रायव्हर लोक आपसात ट्वर्ली म्हणतात. हे मला आजींनीच सांगितलं, स्वतःही ट्वर्ली असल्याच्या अभिमानाने. तीन पौंड मोजून त्याच बसने जाणाऱ्या माझी त्यांना खरोखर कीव येते.

आज त्या आत आल्या नाहीत. चहा विचारला, तर नको म्हणाल्या, आणि नको म्हणजे नकोच असतं हे मला आता कळतं. दुसऱ्यांदा विचारायची सवय मी कष्टाने सोडली आहे. कोटाच्या खिशातून त्यांनी किल्ली काढली. त्यांची जादा किल्ली आजवर ज्यांच्याकडे असायची ते आता राहिले नाहीत, असं त्या हवापाण्याबद्दल बोलावं तशा म्हणाल्या. कोण, ते मी विचारलं नाही. तुमच्याकडे ठेवाल का? सकाळी नऊपर्यंत पडदे उघडले नाहीत तर या, आधी घंटा वाजवा, मला उठायला वेळ लागतो. आणि मागच्या दाराने या, पुढचं पावसात फुगतं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी विचारलं, तुमची किल्ली कुणाकडे असते?

कुणाकडेच नाही. हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलं नव्हतं. नवरा रात्रपाळीला नॉरिचला, मी एकटी, आणि बाथरूमची फरशी त्यांच्याइतकीच माझीही निसरडी. ड्रॉवर उपसून आमची जादा किल्ली काढली आणि त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती नीट बघितली, कोटाच्या त्याच खिशात टाकली आणि हळूहळू रस्ता ओलांडला.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नाही. त्यामुळे त्यांची किल्ली सध्या मिसळणाच्या डब्यात आहे, हळद आणि मोहरीच्या वाट्यांच्या मध्ये. मोहरीला रोज हात लागतोच.