वर 14 मिलिमीटर गाळ, तरी जमीन जागच्या जागीच

गाळाचा ठोकळा सुरीने कापून अलगद वर काढला, तेव्हा त्याच्या चारही बाजूंवर पांढरी रेघ स्वच्छ दिसत होती. पृष्ठभागापासून तिच्या वरच्या कडेपर्यंत पट्टी लावली. 14 मिलिमीटर. तीन वर्षांपूर्वी तिथे खूण म्हणून फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाची पूड पसरली होती आणि त्यानंतर भरतीने तिच्यावर एवढा गाळ आणून टाकला होता. हा एकच आकडा बघितला तर हे खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याखाली जाणारी किनाऱ्यावरची ही गवताळ जमीन, जोमात आहे असं कुणालाही वाटेल. पण शेजारी जमिनीत खोल ठोकलेल्या स्टीलच्या रॉडवरचं रीडिंग सांगत होतं की त्याच तीन वर्षांत जमिनीची उंची फक्त 2 मिलिमीटरने वाढली आहे. म्हणजे वर 14 मिलिमीटर आले आणि खालून 12 गेले.

खाली नेमकं काय घडतंय ते कळावं म्हणून त्या दिवशी आम्ही खाजणाच्या जमिनीकडच्या कडेपासून समुद्राकडच्या काठापर्यंत सगळा पट्टा चालत तपासला.

अशा कामाची वेळ घड्याळावर नाही, भरती-ओहोटीच्या कोष्टकावर ठरते. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाची ओहोटी खूप खाली जाते आणि काठाचा पायथा उघडा पडतो. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी असतो तेव्हा, तो दिसतच नाही. उतरत्या पाण्याच्या मागोमाग पुढे सरकायचं, पाणी तळाला पोचेल तेव्हा आपण सगळ्यात लांबच्या टोकाला असायचं आणि तिथून लगेच परत फिरायचं. ओहोटी ते भरती या साधारण सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन. त्यामुळे पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबणं धोक्याचं. खाजणात तर आणखी एक गोष्ट आहे. पाणी समोरून येताना दिसण्याआधी ते ओहळांतून आत शिरतं आणि आपल्या पाठीमागचा ओहळ आधी भरतो. येताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला ओहळ परतताना छातीएवढा असू शकतो.

पाय रुतला तर सरळ वर ओढायचा नाही. खाली पोकळी तयार होऊन चिखल तो आणखी घट्ट धरतो. मागे रेलून अंगाचा भार पसरायचा, पाऊल डावी-उजवीकडे हलवून त्याच्या बाजूने पाणी आत शिरू द्यायचं आणि मग टाच सोडवायची.

आता रॉडबद्दल. स्टेनलेस स्टीलचे सव्वा मीटरचे तुकडे एकमेकांना जोडत, पुढे जाईनासे होईपर्यंत जमिनीत ठोकतात. मऊ चिखलात हे दहा-वीस मीटरही जातं. रॉड खालच्या घट्ट थरात रोवलेला असल्याने वरची जमीन फुगली किंवा खचली तरी तो हलत नाही. मोजणीच्या वेळी त्याच्या डोक्यावर उपकरणाचा आडवा हात, म्हणजे दांडा, बसवायचा, पाणसळीने सपाट करायचा आणि त्यातल्या नऊ पिना जमिनीला जेमतेम टेकतील अशा सोडायच्या. प्रत्येक पिनेचा त्या दांड्याच्या वर उरलेला भाग मोजायचा. चार दिशांना हेच केलं की एका जागेची 36 रीडिंगं होतात. पिन दाबली गेली तर मिलिमीटर-दोन मिलिमीटर तिथेच हरवतात, म्हणून शक्यतो दर वेळी एकाच माणसाने पिना सोडाव्यात. पिन खेकड्याच्या बिळात किंवा शिंपल्यावर उतरली तर तशी नोंद करून ते रीडिंग हिशेबातून बाजूला ठेवायचं. उभं राहायचं ते कायम रोवलेल्या खुंट्यांवर टाकलेल्या फळ्यांवर. रॉडजवळ एक पाऊल जरी जमिनीवर पडलं तरी पुढची कित्येक रीडिंगं बिघडतात. शिवाय ऋतू आणि भरतीची अवस्था दर वेळी सारखी असावी लागते, कारण पाण्याने जमीन फुगते आणि उन्हाने आक्रसते.

फेल्डस्पार फक्त त्याच्या वर काय साचलं ते सांगतो. रॉड त्याच्या टोकापासून पृष्ठभागापर्यंतच्या सगळ्या जाडीत काय झालं ते सांगतो. दोन्हींमधला फरक म्हणजे मधल्या थराचं खचणं. म्हणून एकाच जागी दोन्ही हवेत. नुसती पांढरी रेघ मोजून खाजण समुद्राबरोबर वाढतंय असं ठरवणारे अहवाल वाचले की मला खरोखर काळजी वाटते. 1993 पासूनच्या उपग्रह-मोजणीनुसार जगातली समुद्रपातळी वर्षाला सरासरी 3 मिलिमीटरहून थोडी जास्त चढते आहे. तीन वर्षांत साधारण 10. तेवढी उंची ज्याने कमावली नाही ते खाजण दर वर्षी थोडा जास्त वेळ पाण्याखाली राहतं.

हा रॉड खाजणातून जाणाऱ्या जुन्या मातीच्या रस्त्याच्या आतल्या, म्हणजे जमिनीकडच्या अंगाला होता. बाहेरच्या अंगाच्या दुसऱ्या रॉडजवळ गाळ 11 मिलिमीटर साचला होता आणि उंची 10 मिलिमीटरने वाढली होती. भरती तीच, गाळही तोच. फरक शोधायला दोन्हीकडे फावड्याने 30 सेंटिमीटर खोल फाका काढल्या.

बाहेरची फाक उचलताना मुळांच्या जाळीने ती एकसंध राहिली. मुळं फिकट, चिवट, वाकवली की परत सरळ होणारी. त्यांच्याभोवती नारिंगी पातळ साल होती. गवत मुळांपर्यंत हवा पोचवतं, ती बाहेर झिरपते आणि मातीतल्या लोहाला गंज चढतो, त्याचा तो रंग. आतली फाक हातात घेताच मधोमध तुटली. वरचे दोन बोटं नवा, मऊ गाळ आणि त्याखाली काळा लगदा. मूळ चिमटीत धरलं की त्याची पेस्ट व्हायची. सडक्या अंड्याचा वास, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. माती प्राणवायूविना राहिली की समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटपासून जिवाणू तो तयार करतात आणि तो मुळांना मारतो. मातीतलं पाणी सिरिंजने ओढून रिफ्रॅक्टोमीटर या क्षारता मोजायच्या उपकरणावर ठेवलं तर क्षारता हजारी 58 आली. समुद्राच्या पाण्याची साधारण 35 असते.

खाजणाची जमीन नुसत्या गाळाची नसते. वरच्या थराचा मोठा भाग मुळांनी व्यापलेला असतो आणि दर वर्षी येणारी नवी मुळं जमीन आतून उचलून धरतात. मुळं मेली, कुजली की त्यांची जागा मोकळी होते आणि वरचा थर खाली बसतो. भाकरीचा पापुद्रा वाफ गेल्यावर बसतो तसा.

मुळं का मेली याचं उत्तर रस्त्याखालच्या पाईपमध्ये होतं. पाईप 30 सेंटिमीटर व्यासाचा आणि त्याचा तळ आतल्या जमिनीच्या जवळजवळ बरोबरीला. उधाणाचं पाणी रस्त्यावरून आत येतं, पण बाहेर पडताना पाईपमधून फक्त वरवरचं निघून जातं. मुळांच्या थरातलं पाणी निचरतच नाही. बाहेरच्या बाजूला ओहळ खोल आहेत, ओहोटीला काठाची माती निथळते आणि दिवसातून दोनदा तिच्यात हवा शिरते. आत साचलेलं पाणी उन्हाने आटत जातं आणि क्षार मागे राहतात. अमेरिकेतल्या लुइझियानात तेलासाठी कालवे खोदले आणि काढलेली माती काठांवर ढीग करून टाकली, त्या ढिगांनी पाणी अडून मागची खाजणं अशीच बुडाली.

आणि आत गाळ जास्त का साचला, तेही इथेच उलगडतं. अडलेल्या संथ पाण्यात गाळ निवांत खाली बसतो. जमीन जितकी खचते तितका वेळ ती पाण्याखाली राहते आणि तितका गाळ तिला जास्त मिळतो. ते 14 मिलिमीटर दुखण्याचं लक्षण होतं.

पुढे समुद्राकडच्या काठाला गेलो. तिथे 70 सेंटिमीटर उंचीचा उभा कडा आहे. वरचा मुळांचा थर छज्ज्यासारखा पुढे आलेला आणि खालचा मऊ गाळ पोखरलेला. कडेपासून अर्धा मीटर आत, काठाला समांतर भेगा होत्या. अशा भेगेच्या समुद्राकडच्या बाजूला उभं राहायचं नाही. खाली चिखलावर गवतासकट ढासळलेले ठोकळे पडले होते, काहींवरचं गवत अजून हिरवं. माघार मोजायला काठापासून 5 आणि 10 मीटर आत दोन खुंट्या एका रेषेत ठोकलेल्या असतात. त्या रेषेत जमिनीला अजून जोडलेल्या कडेपर्यंत टेप धरायचा, ढासळलेला ठोकळा धरायचा नाही. पुढची खुंटी समुद्रात गेली तरी मागची उरते.

मोठ्या वादळाने कडा तुटतो असा समज आहे. वादळात पाणी गवताच्या वर चढतं, लाट कड्यावरून पुढे जाते आणि गवत तिचा जोर खातं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जर्मनीतल्या हानोव्हर इथल्या 300 मीटर लांब लाट-हौदात खरं खाजण उचलून आणून बसवलं होतं. लाटांच्या उंचीत जी घट झाली तिच्यातली 60 टक्क्यांपर्यंत घट गवतामुळे होती, आणि झोडपून काड्या तुटल्या तरी जमीन टिकली. कड्याला खरी झळ बसते ती पाणी अर्ध्यावर असताना, नेहमीच्या वाऱ्याच्या लाटा थेट कड्याच्या पोटावर आदळतात तेव्हा. कड्यातून सुटलेला गाळ भरतीबरोबर ओहळांतून आत जातो. आतल्या 14 मिलिमीटरमध्ये याच खाजणाचा स्वतःचा काठही मिसळलेला असणार.

दुरुस्तीत आधी पाईप. आत माती टाकणं किंवा रोपं लावणं यांचा आत्ता काही उपयोग नाही, लगद्यात काही रुजत नाही. पाईपच्या जागी रुंद मोरी हवी आणि तिचा तळ जुन्या ओहळाच्या तळाएवढा खाली हवा. ती टप्प्याटप्प्याने उघडायची, नाहीतर पहिल्याच उधाणात पाण्याच्या झोताने मऊ माती वाहून जाईल. आतला भाग पूर्ण कोरडाही पडू द्यायचा नाही. सल्फाइडला हवा लागली की आम्ल तयार होतं आणि उरलेल्या मुळांचीही राख होते. रोज पाणी आत यावं आणि रोज निघून जावं, एवढंच साधायचं. सालिकॉर्निया या खाऱ्या चिखलात उगवणाऱ्या झुडपाचं बी भरतीबरोबर आपोआप येतं. निचरा नीट होतोय का, हे त्याच्या पहिल्या रोपांवरून कळतं.

मोरी उघडल्यावर पहिल्या वर्षी रॉडचं रीडिंग आणखी खाली जाईल. लगद्यातलं पाणी निघून तो आवळतो, त्याची ती घट असते. त्या आकड्यावरून काम बंद पाडू नये, अशी सूचना आम्ही अहवालाच्या पहिल्याच पानावर टाकली. फेल्डस्पारचा नवा चौकोन जुन्या ठोकळ्याच्या खड्ड्यापासून दूर, रॉडच्या दुसऱ्या बाजूला अर्धा मीटर बाय अर्धा मीटर पसरला. पुढच्या फेरीत पिनांच्या आधी फावडं आत घालून बघायचं आहे: काळ्या लगद्याच्या वर फिकट मुळं किती सेंटिमीटर उतरली आणि त्यांच्याभोवती नारिंगी साल धरली का.