मारा नदीकाठी गाडी कुठे उभी करायची

ऑगस्टमध्ये केनियातल्या मसाई मारा अभयारण्यात पर्यटकांचा गट घेऊन गेलं की माझं निम्मं काम म्हणजे माणसांना गाडीत गप्प बसवणं. त्या दिवशी तर दुसरं कामच नव्हतं.

जुलै ते ऑक्टोबर या काळात वाइल्डबीस्टचे (हरणांच्या कुळातल्या, गायीसारख्या दिसणाऱ्या जनावरांचे) कळप टांझानियाच्या सेरेंगेटीतून केनियाच्या बाजूला आलेले असतात. ते मारा नदी एकदा ओलांडून मोकळे होतात, हा समज चुकीचा आहे. पाऊस जिथे पडेल आणि गवत जिथे फुटेल, तिथे ते जातात. तोच कळप चार दिवसांनी उलटाही येतो. त्यामुळे तारीख-वार सांगून क्रॉसिंग दाखवू म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

सकाळी साडेनऊच्या सुमारास पलीकडच्या माळावर कळप जमू लागला. आमच्या चालकाने गाडी काठापासून दीडशे मीटर मागे, झुडपाच्या आडोशाला लावली आणि इंजिन बंद केलं. मागून एक काका लगेच म्हणाले, "अहो, पुढे घ्या ना, इथून काय दिसणार?" गाडी काठावर नेली असती तर खरोखरच काही दिसलं नसतं. जनावरं समोरच्या काठाकडे बघून उतरायचं की नाही ते ठरवतात. वर चढायच्या वाटेवर गाडी, माणूस किंवा चकाकणारी काच दिसली की पुढची रांग थबकते, मागची रेटते आणि सगळा कळप वळून माळावर जातो. मग पुन्हा दोन-तीन तास. पहिली वीस-पंचवीस जनावरं पाण्यात पडली की मात्र मागचा लोंढा थांबत नाही. गाड्यांनी पुढे सरकायचं ते तेव्हा, तेही चढायची वाट मोकळी ठेवून.

झेब्रे आधी उतरून पाणी प्यायले आणि मागे फिरले. असं पाच-सहा वेळा झालं. साडेबाराला एक वाइल्डबीस्ट कडेवरून घसरतच पाण्यात आलं आणि मग काठावर नुसती धूळ. सगळ्यांचे कॅमेरे मगरींवर होते. एक पिल्लू गेलंही. पण इथे जास्त मरण येतं ते बुडून आणि चेंगरून. उतरायची जागा उताराची आणि चढायची जागा उभ्या कड्याची असली की वर चढता न आल्याने खाली गर्दी साठते. अभ्यासकांनी मारा नदीत दरवर्षी बुडणाऱ्या वाइल्डबीस्टचा आकडा सरासरी ६,२५० काढला आहे. मगरी त्यातला थोडाच भाग खातात. बाकी गिधाडं, मराबू करकोचे आणि मासे.

तीनला पाऊस आला. माराची जमीन आपल्या विदर्भातल्यासारखीच काळी कपाशीची: भिजली की फुगते आणि चाकाच्या खाचा बुजवून टाकते. खाचा बुजल्या की चांगला टायरही गुळगुळीत होतो. आमची लँड क्रूझर ओघळात रुतली. चालकाने अ‍ॅक्सिलरेटर दाबला नाही, हे फार बरं केलं. चाकं गरगर फिरवली की गाडी पोटावर बसते आणि मग चारही चाकांना जोर असून उपयोग नाही. फांद्या तोडायला परवानगी नाही, माळावर दगड मिळत नाहीत, आणि जॅक तसाच लावला तर तोच जमिनीत जातो. म्हणून टपावर दोन फळ्या असतात: एक जॅकखाली, एक चाकाखाली. आधी चालकाने आजूबाजूचं गवत दुर्बिणीने नीट न्याहाळलं, मग मदतीला आलेल्या गाडीत माणसं हलवली. पट्टा बंपरला न लावता चॅसीच्या हुकाला लावला आणि गाडी आली त्याच वाटेने मागे ओढली. पट्टा तुटला तर चाबकासारखा येतो, तेव्हा त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही.

घाई होती ती अभयारण्याच्या तिकिटाची. वर्षाच्या उत्तरार्धात परदेशी प्रौढाला २०० डॉलर पडतात आणि तेही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढ्यासाठीच. गेटवर पोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते.

कॅम्पवर चालकाने जेवणाआधी चाकं धुतली. रिमच्या आतली माती तशीच वाळली तर चाकाचा तोल जातो आणि दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्याला लागताच स्टीअरिंग थरथरायला लागतं.