माळवद गळालं आणि गुन्हेगार मीच निघालो

गळालं.

शनिवारी दिवस मावळताना वळवाच्या पावसानं पाऊण तास झोडपलं आणि मधल्या खोलीत अकरा ठिकाणी टपटप सुरू झाली. होती नव्हती ती घमेली, दोन पातेली आणि आंघोळीची बादली मांडून झाली, तरी एक धार थेट बाजेवर. घराच्या या मातीच्या सपाट छताबद्दल मागच्या नोंदीत 'माळवद झालं, आता पन्हाळ (छतावरचं पाणी बाहेर टाकणारी नळी) तेवढं राहिलं' असं मी छाती फुगवून लिहिलं होतं. तेव्हा ज्यांनी शाबासकी दिली त्यांनी ती परत घेतली तरी राग नाही.

थर मागे सांगितले तेच. पडक्या वाड्यातून आणलेल्या सागाच्या तुळया, वर किलचन (तुळयांवर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्या), त्यावर लिंबाचा पाला, मग गव्हांडा, म्हणजे गव्हाचा भुसा, घालून आठ दिवस कुजवलेला चिखल चार इंच आणि शेवटी दोन इंच पांढरी माती. एकूण सहा इंच, त्यावर एक बोटही नाही. 'थर वाढव, गळायचं थांबेल' असं तिघांनी सांगितलं. ते मी करणार नाही. आम्ही लातूरच्या औसा तालुक्यातले. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे चार वाजायच्या आत किल्लारीच्या भूकंपात काय झालं ते इथं घराघरात माहीत आहे. मातीत रचलेल्या दगडी भिंती उकलल्या आणि वरची माती झोपलेल्यांवर आली. माळवद एका दिवसात दोन फूट होत नाही. दर साली मृगाआधी नवी माती टाकायची आणि जुनी कुणी खरवडायची नाही, त्यानं होतं. सहा इंच म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो, दोन फूट म्हणजे टनभर. म्हणून भिंतीत आरपार दगड, दारा-खिडक्यांच्या वरून सलग पट्टा, आणि छताला सहा इंचांची लक्ष्मणरेषा. चारी कोपऱ्यांत खुणेच्या खुंट्याच ठोकल्यात.

मग गळतं कुठून? आधी ढाळावर संशय. पाण्याच्या नळीनं मापलं, बारा फुटांत चार इंच उतार, काही चूक नाही. मग पन्हाळाचा सांधा. तो कोरडा ठणठणीत. मग भेगा, सुतळीएवढ्या तीन सापडल्या, त्या बुजवल्या. सोमवारी बादलीभर पाणी मधोमध ओतलं आणि बसून राहिलो. पाणी पन्हाळाकडे गेलंच नाही. जागच्या जागी जिरलं आणि पंधराव्या मिनिटाला खाली थेंब. माती पाणी पीत होती, अगदी तहानल्यासारखी.

शेजारच्या आज्जी शिडीपाशी उभ्या होत्या. त्यांनी खाली पडलेला खडा उचलला, जिभेला लावला आणि थुंकला.

"ही खारी न्हवं रं लेकरा, नुसती पांढरी हाय. आन् चुना कशाला घातलास?"

खारी म्हणजे खारवट माती, माळवदाला तीच लागते. आणि चुना मी घातला होता. शंभर घमेल्यांना पाच. भिंतीच्या गिलाव्याला चुन्यानं एवढी मजबुती आली, तर छताला का नाही, असं माझं डोकं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, तुम्हालाही नाही.

आज्जींनी त्यांच्या पडलेल्या घराच्या माळवदाची पाटीभर माती दिली. तीन काचेचे ग्लास घेतले: विकतची पांढरी, चुना घातलेली पांढरी आणि आज्जींची. प्रत्येकात सुकं ढेकूळ अलगद सोडायचं, ढवळायचं नाही. पहिल्या खेपेला तिन्ही ढेकळं गप्प. मी हताश. रात्री लक्षात आलं, पाणी बोअरचं होतं, आमच्याकडचं ते जड पाणी, साबणाला फेस येत नाही असलं. बॅटरीत घालायचं, क्षार काढलेलं पाणी आणून पुन्हा केलं. आज्जींच्या ढेकळाभोवती पाचच मिनिटांत दुधासारखा ढग. विकतच्याला किंचित धूसर वलय. चुनावालं दगडासारखं बसून. सकाळी आज्जींचा ग्लास अजून गढूळ, चुन्याच्या ग्लासातून पलीकडचं कॅलेंडर वाचता येत होतं.

आता हे आपल्यातल्या शेतकऱ्यांना एका वाक्यात कळेल: चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही म्हणून आपण जिप्सम टाकतो. मातीतल्या सोडियममुळे बारीक कण सुटे होऊन फुगतात आणि छिद्रं बुजवतात. कॅल्शियम आलं की कण गोळा होतात आणि पाण्याला वाट मिळते. चुना म्हणजे कॅल्शियमच, बोअरच्या जड पाण्यातही तेच. शेतात करायचं काम मी छतावर करून बसलो. छताला चोपणच हवी. रंगाशी काही देणंघेणं नाही.

विकतच्या मातीबद्दल एवढंच सांगतो: ट्रॅक्टरवाल्यानं 'खारी' म्हणून जे ओतलं त्यावर लिंबू पिळलं तर फसफसलं. चुनखडी मिसळलेली. पैसे देण्याआधी ग्लास आणि बॅटरीचं पाणी घेऊन जा, हसले तर हसू द्या. आणि कुणी गावाच्या जुन्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, खणून देतो म्हणाला तर नको म्हणा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तसल्याच टेकड्यांतून सातवाहनांच्या काळातल्या वस्तू निघाल्यात. आपल्या छतापायी तसलं काही टोपल्यात जायला नको.

माती ठोकायच्या भाड्याच्या धुमसाबद्दलही तक्रार आहे. त्या यंत्रानं दोन किलच्या मोडल्या. बाभळीची चोपणी (माती बडवायची फळी), दोन माणसं आणि सकाळचा गारवा, याला तोड नाही.

चांगलं म्हणावं असं: पश्चिमेच्या चुन्याच्या गिलाव्याला एवढ्या मारातही ओरखडा नाही. गिलाव्यात घालायला बेलफळाचं पाणी मी फुकट उकळत बसलो म्हणणाऱ्या मिस्त्रीमामांनी स्वतः हात फिरवून पाहिला आणि काही बोलले नाहीत, हे मी जपून ठेवलंय. आणि पावसाच्या आदल्या दिवशी दुपारी तीनला बाहेर 41.5 अंश, आत 33. सानं (छतातलं उजेड-वाऱ्याचं भोक) उघडं, पंखा बंद.

बेत असा होता की आज्जींकडची उरलेली माती आणायची आणि वरचे दोन इंच बदलायचे. पण ती पुरती पंधरा पाट्या. हे लिहिता लिहिताच आठवलं, आपल्याच रानात नाल्याकडेला चिंचोळा तुकडा आहे, तिथं ज्वारीसुद्धा धड येत नाही. उन्हात पांढरा पापुद्रा धरतो. वडील त्याला शिव्या देत गेले. लिहिणं थांबवून जाऊन आलो. ढेकूळ ग्लासात सोडलंय: ढग आला, दाट.

अडचण एकच, ती मूळची काळी. सुकली की करंगळी जाईल एवढी भेग पडते. म्हणून उद्या चार तुकडे थापतोय, नाल्याच्या वाळूचं प्रमाण वेगवेगळं, एकात बारीक गव्हांडा. आधी चुन्याचे दोन इंच खरवडून खाली. ते फेकणार नाही, ढाळजेच्या (दारालगतच्या ओसरीच्या) भुईला चालतील. मृगाला नऊ दिवस आहेत. तोवर घमेली जागेवरच.