इस्तंबूलमधील एक दिवस

आमचे जहाज सकाळी गलाटापोर्टच्या धक्क्याला लागले आणि संध्याकाळपर्यंतच मुक्काम असल्याने आम्ही ट्रामने थेट सुलतानअहमद हा जुन्या शहराचा भाग गाठला. सम्राट जस्टिनियनच्या काळात ५३७ साली पूर्ण झालेली आयासोफिया ही वास्तू आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, पुढे संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद अशी स्थित्यंतरे पाहत उभी आहे. घुमटाच्या तळाशी असलेल्या ४० खिडक्यांतून येणाऱ्या उजेडामुळे तो प्रचंड भार अधांतरी असल्यासारखा भासतो, आणि माझ्या मते केवळ एवढ्यासाठीसुद्धा या शहरात उतरावे. निळी मशीद मात्र बाहेरूनच पाहिली.

खरेदीसाठी मला ग्रँड बाजारपेक्षा (तो रविवारी बंद असतो) एमिनोन्यूचा मसाला बाजार अधिक भावला. सतराव्या शतकात शेजारच्या येनी मशिदीच्या संकुलाचा भाग म्हणून तो बांधला गेला आणि त्याच्या भाड्यातून मशिदीचा खर्च भागवला जाई; भारताकडचे मसाले इजिप्तमार्गे याच शहरात पोहोचत असत, हे ठाऊक असल्याने त्या कमानींखालून चालताना मला विशेष आपुलकी वाटली. आंबटसर चवीचा सुमाक मसाला, सुके अंजीर आणि लोकुम ही पिस्ते घालून केलेली मिठाई एवढेच घेऊन, गळ टाकून बसलेल्या माणसांमधून वाट काढत, आम्ही गलाटा पुलावरून पायीच धक्क्याकडे परतलो.